गडग्यावरची खाजकुयली आणि पेशीतली साफसफाई

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून ती १६ लाख १५ हजारांवर आली. तरुण मुंबई-पुण्याला आणि घर राखायला म्हातारी माणसे, अशी कितीतरी गावे इथे आहेत. साहजिकच म्हातारपणाच्या दुखण्यांची, त्यात कंपवाताचीही, चर्चा इथे घरोघर चालते.

या कंपवातावरचे एक औषध इथल्या गडग्यांवर न लावता वाढते, ते म्हणजे खाजकुयली. पाऊस सरला की तिच्या तपकिरी, मखमली शेंगा लोंबू लागतात. त्या अंगाला लागल्या की काय होते, हे कोकणी माणसाला सांगायला नको. बियांमध्ये एल-डोपा असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते वेगळे काढून दाखवले. मेंदूत त्यापासून डोपामाइन बनते आणि कंपवातात नेमके तेच कमी पडते. आयुर्वेदात या बिया दुधात शिजवून, शुद्ध करून वापरतात. (घरी कुटून मात्र खाऊ नयेत, डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही.)

पण ही झाली नुसती भर. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मुळात मरतात कशाने? याचा एक धागा तरुणपणीच कंपवात होणाऱ्या घराण्यांत सापडला. १९९८ साली जपानी संशोधकांना ‘पार्किन’ हे जनुक मिळाले, २००४ साली ‘पिंक-१’चा कंपवाताशी संबंध कळला. २००८ साली अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की पार्किन प्रथिन बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावरच जाऊन बसते.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या. धडधाकट तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर विद्युतभार असतो. त्याच्या जोरावर पिंक-१ प्रथिन आत ओढले जाते, तिथे त्याचे तुकडे होतात आणि ते संपते. भार उतरला की पिंक-१ बाहेरच अडकते, साठत जाते आणि पार्किनला कामाला लावते. पडक्या घरावर पंचायतीने नोटीस डकवावी, तशा पार्किन त्या तंतुकणिकेवर युबिक्विटिनच्या खुणा चिकटवते. मग तिच्याभोवती दुपदरी पिशवी तयार होते, पिशवी लयकारिकेला मिळते आणि आतल्या मालाचे सुटे भाग पुन्हा वापरात येतात. पेशीच्या अशा स्वभक्षणाची जनुके यीस्टमध्ये हुडकणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६चे नोबेल मिळाले.

वयाबरोबर हे काम मंदावते. उंदरांच्या मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित एका भागात ३ महिन्यांच्या मानाने २१ महिन्यांच्या वयात ते सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले आढळले. तरी एक गोष्ट खटकते. पिंक-१ काढून टाकलेल्या उंदरांना माणसासारखा कंपवात होतच नाही. म्हणजे साफसफाईच्या वाटा आणखीही आहेत. तांबड्या रक्तपेशी तर पक्व होताना आपल्या सगळ्याच तंतुकणिका टाकून देतात, तेही ‘निक्स’ नावाच्या वेगळ्याच प्रथिनाच्या मदतीने.

ही साफसफाई वाढवणारे द्रव्य म्हणून सध्या गाजावाजा आहे युरोलिथिन-एचा. डाळिंबातल्या द्रव्यांपासून आतड्यातले जिवाणू ते बनवतात, पण सगळ्यांच्याच आतड्यात असे जिवाणू नसतात. म्हणजे सोलापूरचे डाळिंब सगळ्यांनी खाल्ले, तरी लाभ काहींनाच. २०१६ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी ते सूक्ष्म कृमींना दिले, तेव्हा त्यांचे आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढले. माणसांचे काय? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांपैकी काहींना चार महिने ते दिले आणि बाकीच्यांना खोट्या गोळ्या. खरे औषध घेणाऱ्यांच्या स्नायूंचा दम वाढला. सहा मिनिटांत चालून जाण्याच्या अंतरात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही.