रात्री दोनचा डोस

आईच्या हृदयातल्या कृत्रिम झडपेला जंतुसंसर्ग झाल्याचं २०१४च्या पावसाळ्यात कळलं. महिनाभर संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मेलेली. रक्ताच्या कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस निघाला. उपचार ठरला : शिरेतून पेनिसिलिन, दर चार तासांनी, सहा आठवडे; पहिले दोन आठवडे जोडीला जेंटामायसिन. डॉक्टरांनी हे एका दमात सांगितलं. मी औषधाच्या पाकिटावर गुणाकार केला. दिवसाला सहा, बेचाळीस दिवस, म्हणजे २५२ डोस.

पेनिसिलिनशी आईची ओळख जुनी. लहानपणी तिला सांधेताप झाला, झडप आवळत गेली. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिड्युर. त्या सुईनं पाय दोन दिवस जड व्हायचा, पण घरी परतता यायचं. हे प्रकरण निराळं होतं.

सहा आठवडेच का, हे मी पुढे वाचून समजून घेतलं. झडपेच्या पडद्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. कृत्रिम झडपेचा तर प्रश्नच नाही. जंतू तिथं चिकटतात आणि प्लेटलेट्स व फायब्रिनच्या जाळीत दडून बसतात. संरक्षक पांढऱ्या पेशी आतवर पोचत नाहीत. पेनिसिलिन मारतं ते वाढणाऱ्या, स्वतःची भिंत बांधत असलेल्या जंतूला. जाळीच्या आत सुस्त पडलेला वाचतो. म्हणून त्याची वाट पाहत बसावं लागतं, आणि ही वाट रुग्णाच्या शिरेत पाहिली जाते. त्यात मूत्रपिंडं पेनिसिलिनला थारा देत नाहीत. तासाभरात बरंचसं औषध लघवीतून निघून जातं. म्हणून दर चार तासांनी पुन्हा.

शिरेतल्या पेनिसिलिनचा हा घोर अगदी सुरुवातीच्या रुग्णांपासूनचा आहे. जानेवारी १९४१मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत एल्वा एकर्स या बाईंना डॉ. चार्ल्स फ्लेचर यांनी शिरेतून पेनिसिलिन दिलं. त्यांना कर्करोग होता, दिवस थोडे उरले होते आणि या औषधाचा आपल्याला काहीही उपयोग नाही हे त्यांना माहीत होतं. माणसाला ते सोसतं का, एवढंच पाहायचं होतं. थोड्याच वेळात त्यांना हुडहुडी भरली, ताप चढला. औषधातली अशुद्धी त्याला कारण होती. ती काढल्यावरच पुढची पायरी गाठता आली. पेनिसिलिनच्या इतिहासात बुरशीच्या बशीचं चित्र हटकून असतं. या बाईंचं नाव मला कितीतरी उशिरा भेटलं, याचं आजही वाईट वाटतं.

फेब्रुवारीत पोलीस शिपाई ॲल्बर्ट अलेक्झांडर यांची पाळी आली. वय ४३, चेहरा पुवानं भरलेला, एक डोळा काढावा लागलेला. दर तीन तासांनी डोस सुरू झाले आणि चोवीस तासांत उतार दिसला. औषध मात्र इतकं तुटपुंजं, की त्यांची लघवी गोळा करून सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, त्यातलं पेनिसिलिन गाळायचं आणि त्यांनाच परत टोचायचं. पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला ते गेले. जंतू पूर्ण मरेपर्यंत थांबायचं नाही, हा धडा वैद्यकानं त्यांच्या मरणातून घेतला.

चौदा वर्षांनी, १९५५मध्ये, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आईच्या वेळेला औषधाचा तुटवडा नव्हता. तुटवडा पडला तो शिरांचा.

शिरेत खोचलेली इंट्राकॅथ तीन-चार दिवस टिकायची. मग शीर लाल व्हायची, दोरीसारखी कडक लागायची. औषध आत सोडताना आई दातावर दात दाबून धरायची. "आजी, मूठ आवळा," सिस्टर म्हणायच्या, मनगटावर टिचक्या मारायच्या, आणि मग, "शीर पळते हो तुमची." आईला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. दंडातून थेट हृदयाजवळ पोचणारी लांब नळी तिसऱ्या आठवड्यात बसवली. ती पहिल्याच आठवड्यात का नाही, हे मी विचारलं नाही, कारण अशी काही सोय असते हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आई म्हणाली, कानात भुंगा शिरलाय. जेंटामायसिन आतल्या कानातल्या केसपेशी मारू शकतं आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आजही कुकरची शिट्टी तिला दुसऱ्या खोलीतून ऐकू येत नाही.

आणि झोप. सहा, दहा, दोन. पुन्हा सहा, दहा, दोन. रात्री दोनला दिवा लागायचा, ट्रे खडखडायचा.

आपल्याकडे साध्या तापातही 'एक सलाईन लावा' असा आग्रह धरणारी माणसं आहेत. शिरेतून गेलं तेच खरं औषध, ही समजूत खोल आहे. तशीच एक समजूत वैद्यकातही मुरली होती. झडपेचा आणि हाडांचा संसर्ग म्हणजे शेवटपर्यंत शिरेतूनच. २०१९मध्ये दोन मोठे अभ्यास छापून आले. डेन्मार्कमध्ये हृदयाच्या झडपांचा संसर्ग झालेल्या, पण प्रकृती स्थिरावलेल्या ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना, किमान दहा दिवस शिरेतून औषध दिल्यावर, गोळ्यांवर आणलं. मृत्यू, जंतू पुन्हा उलटणं अशा गंभीर घटना शिरेवाल्यांत १२.१ टक्के, गोळ्यांवाल्यांत ९ टक्के. ब्रिटनमध्ये हाडं-सांध्यांच्या संसर्गाच्या १०५४ रुग्णांवरही गोळ्या उण्या ठरल्या नाहीत. डेन्मार्कच्या अभ्यासात कृत्रिम झडपेचे रुग्णही होते, हे वाचलं तेव्हा मी पान तसंच उघडं ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

याचा अर्थ कुणी मनानं सुई काढून घ्यावी असा नाही. डेन्मार्कमधले ते रुग्ण निवडलेले होते, गोळ्या दोन-दोन प्रकारच्या होत्या, देखरेख कडक होती. शिवाय आपल्या अतिदक्षता विभागांतले कितीतरी जंतू आता गोळ्यांना दादच देत नाहीत. मूत्रपिंडांना बाधतं म्हणून कधीकाळी बाजूला ठेवलेलं कोलिस्टिन तिथं परत शिरेत जातंय. ज्यांच्यापुढे गोळीचा पर्यायच नाही त्यांच्यासाठी लांब नळी शक्य तितक्या लवकर, श्रवणचाचणी वेळेवर आणि रात्रीची झोप जपणारं वेळापत्रक एवढं तरी मागता येतं. सिफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक लागू पडणाऱ्या जंतूला दिवसातून एकच डोस पुरतो. आपल्या रुग्णाला तो चालेल का, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारायला हवा. मी विचारला नव्हता.

बेचाळिसाव्या दिवशी सिस्टरनं नळी ओढून काढली, कापसाचा बोळा दाबून धरला. घरी आल्यावर आईनं भात-वरण पोटभर खाल्लं आणि लवकर झोपली. रात्री मला जाग आली तेव्हा ती अंधारात उठून बसली होती, बाही वर केलेली, हात पुढे धरलेला. घड्याळात दोन वाजले होते.