कोणता अँटिव्हायरस घेऊ रे?

परदेशात राहून सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मराठी माणसाला कंपनीच्या नोकरीशिवाय आणखी एक बिनपगारी नोकरी असते. ती म्हणजे नातेवाइकांच्या कॉम्प्युटरची देखभाल. मी न्यू जर्सीत राहतो, आई-बाबा सांगलीत. इथल्या मित्रांकडे गणपतीला गेलो काय किंवा काकांचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला काय, एक प्रश्न ठरलेला असतो : ‘कोणता अँटिव्हायरस घेऊ रे? पैसे भरून घेऊ की फुकटचा चालेल?’ याचं उत्तर फोनवर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

माझ्या पिढीच्या इंजिनीअरांनी व्हायरस पहिल्यांदा पाहिला तो पेन ड्राइव्हमध्ये. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा प्रिंट काढायला सायबर कॅफेत पेन ड्राइव्ह लावला, की ‘न्यू फोल्डर’ नावाचा एक पाहुणा हमखास घरी यायचा. दिसायला साधं पिवळं फोल्डर, प्रत्यक्षात प्रोग्रॅम. त्यावर क्लिक केलं की तो कॉम्प्युटरभर आपली पिल्लं सोडायचा. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याची सोय जुन्या विंडोजमध्ये होती, तिचाच तो फायदा घेई. त्या काळात अँटिव्हायरस विकत घेणं म्हणजे दाराला कुलूप लावण्याइतकं साहजिक होतं. आपल्याकडच्या घराघरांत पुण्याचं क्विक हील असायचं. कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी उभी केलेली ही कंपनी, याचं आम्हा पुण्यात शिकलेल्या पोरांना कौतुकही होतं.

अँटिव्हायरस काम कसं करतो? पोलीस ठाण्याच्या फलकावर सराईत चोरांचे फोटो लावलेले असतात ना, तशी त्याच्याकडे ओळखीच्या व्हायरसांची यादी असते. प्रत्येक फाइल उघडताना तो तिचा चेहरा त्या यादीशी ताडून पाहतो. नवे चोर रोज जन्माला येतात, म्हणून यादी रोज अपडेट व्हावी लागते. यादीत नसलेला प्रोग्रॅमसुद्धा भराभर शेकडो फाइलींना हात लावू लागला, तर आजचे अँटिव्हायरस त्याच्या वागण्यावरून संशय घेतात आणि त्याला बाजूला काढून कोंडून ठेवतात.

आता मूळ प्रश्न. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजच्या आतच दिला. सुरुवातीला त्याला कुणी फारसं मोजत नसे. पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या प्रयोगशाळा सगळ्या अँटिव्हायरसांची नियमित परीक्षा घेतात, आणि त्यांच्या निकालांत तो गेली काही वर्षं पैशाच्या अँटिव्हायरसांच्या रांगेत बसतो. ई-मेल, बँक, बातम्या, नातवंडांचे फोटो एवढाच वापर असेल तर घरच्या कॉम्प्युटरला तो पुरेसा आहे, असं माझं मत आहे. माझ्या घरी तोच आहे.

मग पैसे भरून घेणारे वेडे का? तसं नाही. एकाच लायसन्समध्ये मुलांच्या वापरावर लक्ष, घरातल्या पाच-सहा फोनांचं संरक्षण आणि अडचणीला फोन उचलणारा माणूस हवा असेल तर जरूर घ्या. फक्त तीन गोष्टी बघा.

पहिली, एका म्यानात दोन तलवारी ठेवू नका. दोन अँटिव्हायरस एकमेकांवरच पहारा करत बसतात आणि कॉम्प्युटर बैलगाडीच्या वेगाने चालतो. दुसरा टाकला की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो. पण नव्या लॅपटॉपबरोबर महिना-दोन महिन्यांच्या बोलीवर आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडून असेल, तर तो आधी काढून टाका.

दुसरी, फुकट म्हणजे काय ते तपासा. अवास्टने ग्राहकांची इंटरनेटवरच्या भटकंतीची माहिती गोळा करून आपल्या एका उपकंपनीमार्फत विकली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. वॉचमनच आपल्या येण्याजाण्याची वही बाजारात विकू लागला, त्यातला हा प्रकार.

तिसरी, आपण कोणत्या देशात आहोत ते पाहा. रशियन कंपनी कॅस्परस्कीच्या विक्रीवर अमेरिकन सरकारने २०२४ मध्ये बंदी घातली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून इथले अपडेटही थांबवायला लावले. अपडेटविना अँटिव्हायरस म्हणजे जुन्या फोटोंचा फलक. भारतातून लायसन्स घेऊन इथे येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

इथवर सगळं खरेदीचं झालं. पण कोणता अँटिव्हायरस घ्यावा यापेक्षा मोठी गोष्ट मला गेल्या वर्षी सांगलीतल्या घरच्या प्रसंगाने दाखवली.

बाबा दुपारी पेपर वाचत असताना स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजू लागला. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत, बंद करू नका, या नंबरवर फोन करा.’ बाबांनी फोन केला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने बाबांना स्क्रीन शेअर करणारं एक अ‍ॅप टाकायला लावलं, मग विंडोजची इव्हेंट व्ह्यूअर नावाची यादी उघडून त्यातल्या लाल खुणा दाखवल्या. ‘हे सगळे व्हायरस, सर. चौदा हजारांत कायमचा बंदोबस्त करून देतो.’ वास्तविक त्या यादीत बारीकसारीक कुरबुरींची नोंद असते आणि असल्या लाल खुणा कुठल्याही धडधाकट कॉम्प्युटरवर सापडतील.

बाबा नेट बँकिंग उघडणार एवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं ती स्वतःच म्हणते. ती एवढंच म्हणाली, ‘अहो, इतकी घाई कशाला? त्याच्याकडे आता रात्र आहे. सकाळ झाली की विचारू, मग द्या पैसे.’ पलीकडचा माणूस घाई करू लागला, आवाज चढवू लागला, तसा बाबांना संशय आला आणि त्यांनी फोन ठेवून मेन स्विचच बंद केला. चौदा हजार वाचले. खरं तर त्यापेक्षा पुष्कळ जास्त वाचलं, कारण त्याच खात्यात त्यांच्या निवृत्तीचे पैसे होते.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या कॉम्प्युटरवर पैसे भरलेला, रीतसर अपडेट झालेला अँटिव्हायरस होता आणि तो शेवटपर्यंत हिरवी खूण दाखवत होता. त्यात त्याचा दोष नाही. बाबांनी टाकलेलं अ‍ॅप हजारो कंपन्या रोज वापरतात, तो व्हायरस नव्हेच. घरमालकाने स्वतः दार उघडून ‘या, बसा’ म्हटल्यावर वॉचमन कुणाला अडवणार?

मी उठल्यावर आधी इंटरनेटची वायर काढायला सांगितली. मग ते अ‍ॅप काढलं, कॉम्प्युटर साफ केला, पासवर्ड आईच्या फोनवरून बदलले आणि बाबांना बँकेत पाठवलं. त्यानंतर दोन्ही घरांत काही नियम केले.

रोजच्या वापराचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाही. नवीन प्रोग्रॅम टाकायला वेगळा पासवर्ड लागतो. बाबा कुरकुरले, पण आता सवय झाली.

विंडोजचे अपडेट थांबवायचे नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ब्रिटनची सरकारी रुग्णालयं खोळंबवली, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट दोन महिने आधीच आलेला होता. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर काय आहे ते एकदा विचारा. कितीही महागडा अँटिव्हायरस भिंतीला पडलेलं भगदाड बुजवू शकत नाही.

फोटो आणि कागदपत्रांची प्रत महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. ती कायम जोडलेली असेल तर खंडणी मागणारा व्हायरस तिलाही कुलूप घालतो.

आणि शेवटचा नियम आईचा : स्क्रीनवर आलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. भोंगा वाजला तर पॉवरचं बटण दाबून धरायचं, कॉम्प्युटर बंद होतो. पैसे गेलेच, तर भारतात लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितक्या लवकर कळवू तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त.

आपल्यापैकी बहुतेकांचं आई-बाबांशी बोलणं रविवारी होतं. या रविवारी जेवण-खाण, गुडघेदुखी, शेजारपाजार सगळं विचारून झालं की पाच मिनिटं या विषयाला द्या. आणि त्यांना एक गोष्ट निक्षून सांगा : असं काही झालं तर आमच्याकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवा. माझ्या आईने माझी झोप मोडू नये म्हणून सकाळची वाट पाहिली. तो माणूस थोडा अधिक गोड बोलला असता तर तेवढा वेळ मिळाला नसता.