विक्रेत्याचे खाते

बाजारात दुकान मांडणाऱ्याला पैसे घेण्यासाठी वेगळी तयारी करावी लागत नाही. गिऱ्हाईक नोटा मोजून देते, दुकानदार त्या गल्ल्यात टाकतो आणि व्यवहार तेथेच पुरा होतो. इंटरनेटवरील दुकानाला गल्ला नसतो. तेथे गिऱ्हाइकाचा पैसा बँका, कार्ड-कंपन्या आणि पैसे गोळा करणारी मध्यस्थ संस्था अशा अनेक हातांतून जात विक्रेत्याकडे पोचतो. या साखळीच्या शेवटी विक्रेत्याचे एक तपासलेले, मान्य झालेले खाते असावे लागते. ते खाते उघडण्याची सोय दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्येच कशी अंतर्भूत केली जाते, हा या प्रकरणाचा विषय होय.

प्रारंभी या दोन गोष्टी अगदी वेगळ्या होत्या. १९९५ मध्ये अमेरिकेत ईबे हा लिलावाचा बाजार सुरू झाला, तेव्हा खरेदीदार विक्रेत्याला टपालाने धनादेश किंवा मनिऑर्डर पाठवीत असे. पुढे पेपाल या संस्थेने हे काम संगणकावर आणले आणि २००२ मध्ये ईबेने तीच संस्था विकत घेतली. तरीही स्वतःचे निराळे दुकान चालविणाऱ्याची अडचण बराच काळ कायम राहिली. त्याने दुकानाचे सॉफ्टवेअर एकीकडून घ्यावे, पैसे स्वीकारण्याचे खाते दुसरीकडे उघडावे आणि तेथून मिळालेली लांबलचक गुप्त अक्षरमाला दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वहस्ते उतरवावी, अशी रीत होती. ही अक्षरमाला दोन प्रकारची असे: एक चाचणीसाठी आणि दुसरी खऱ्या व्यवहारासाठी. चाचणीची अक्षरमाला चुकून कायम राहिली तर दुकान उत्तम चाललेले दिसे, मागण्या नोंदल्या जात, माल रवाना होई. पैसा मात्र एक छदामही येत नसे. नवख्या विक्रेत्याला हे कळेपर्यंत बराच उशीर झालेला असे.

एकत्रित नोंदणीने ही उतरवणूक टळते. विक्रेता दुकानाच्या सॉफ्टवेअरमधील एक कळ दाबतो. ते सॉफ्टवेअर पडद्याआड मध्यस्थ संस्थेच्या संगणकाला कळविते, की अमुक विक्रेत्यासाठी खाते उघडावयाचे आहे. उत्तरादाखल त्याला एक तात्पुरता दुवा मिळतो; तो थोडाच वेळ आणि बहुधा एकदाच चालतो. त्या दुव्यावरून विक्रेता मध्यस्थाच्या पानावर जातो, आपली माहिती व कागदपत्रे तेथे देतो आणि परत दुकानात येतो. दुकानाच्या हाती केवळ खात्याचा एक ओळख-क्रमांक लागतो. कागदपत्रांची छायाचित्रे दुकान चालविणाऱ्याच्या संगणकात साठत नाहीत, हा या पद्धतीचा लहानसा वाटणारा पण फार मोलाचा गुण म्हणावा लागेल. जे आपल्याजवळ नाही ते चोरीला जाऊ शकत नाही.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. विक्रेता परत आला म्हणजे त्याचे खाते मान्य झाले, असे सॉफ्टवेअर लिहिणारा गृहीत धरतो. वस्तुतः तो अर्ज अर्धवट टाकूनही परत आलेला असू शकतो आणि अर्ज पुरा भरला असला, तरी छाननीला काही दिवस लागू शकतात. खरा निर्णय मागाहून, संगणकाने संगणकाला पाठविलेल्या संदेशाने कळतो. हा संदेश कधी दोनदा येतो, कधी उशिरा, कधी आधीचा नंतर आणि नंतरचा आधी. म्हणून त्यावरील सांकेतिक सही पडताळावी, तोच संदेश पुन्हा आल्यास काम दुसऱ्यांदा करू नये आणि शंका वाटल्यास स्वतःहून मध्यस्थाला खात्याची स्थिती विचारावी, अशी दक्षता घ्यावी लागते. विक्रेत्यालाही ‘अर्ज पोचला, छाननी चालू आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. नुसते फिरणारे चक्र दाखविल्याने त्याला काहीच कळत नाही.

दुकानाने सर्वांचे पैसे आपल्याच खात्यात घेऊन नंतर विक्रेत्यांना का वाटू नयेत, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. यात धोका असा, की मधल्या काळात तो पैसा कोणाचा हे संदिग्ध राहते. बाजार चालविणारी कंपनी बुडाली तर विणकराच्या साडीचे पैसेही तिच्याबरोबर बुडतील. भारतात रिझर्व्ह बँकेने २४ नोव्हेंबर २००९ रोजी आदेश काढून असा पैसा मध्यस्थाच्या स्वतःच्या पैशापासून अलग ठेवण्यास भाग पाडले. १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यापुढचे पाऊल टाकले: पैसे गोळा करणाऱ्या बिगर-बँक संस्थांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आवश्यक झाली, पैसा अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवण्याचे बंधन आले आणि विक्रेत्याची पार्श्वभूमी तपासण्याची जबाबदारी या संस्थांवर पडली. जे ऑनलाइन बाजार स्वतःच हे काम करीत होते, त्यांना ते बाजारापासून वेगळे करून ३० जून २०२१ पर्यंत मान्यतेसाठी अर्ज करावयास सांगण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये हे नियम एका व्यापक आदेशात एकत्र करण्यात आले. थोडक्यात, प्रत्येक विक्रेत्याची मध्यस्थाकडे स्वतंत्र नोंद लागते आणि म्हणूनच नोंदणीचा अर्ज सॉफ्टवेअरचा अटळ भाग झाला आहे.

अर्जात विचारल्या जाणाऱ्या क्रमांकांची रचना जाणण्यासारखी आहे. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार अंक आणि पुन्हा एक अक्षर असते. त्यातील चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते: व्यक्तीसाठी ‘पी’, कंपनीसाठी ‘सी’, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी ‘एच’. एकट्याने दुकान चालविणारा पुष्कळदा आपल्या दुकानाला ‘कंपनी’ म्हणतो आणि अर्जातही तसेच निवडतो. चौथे अक्षर ‘पी’ पाहून सॉफ्टवेअर त्याला जागच्या जागी सावध करू शकते. बँक-शाखेच्या आयएफएससी या अकरा चिन्हांच्या क्रमांकात पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते, परंतु ते ‘ओ’ हे अक्षर समजून लिहिणारे थोडे नाहीत. शिवाय जुनी पासबुके फसवितात. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने शाखा-क्रमांक १ जुलै २०२१ पासून चालेनासे झाले. पासबुक पाहून इमानाने लिहिलेला क्रमांक नाकारला गेला, की दोष आपला की यंत्राचा हे विक्रेत्याला उमगत नाही.

रचना बरोबर असली म्हणजे क्रमांक खरा ठरतो असे नाही. खाते अर्जदाराचेच आहे हे पाहण्यासाठी त्यात एक रुपया जमा केला जातो आणि बँकेच्या दफ्तरी खातेदाराचे जे नाव असेल ते उत्तरात परत येते. ते पॅनवरील नावाशी ताडले जाते आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. मराठी माणूस स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लावतो. बँकेत आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी असे सर्रास आढळते. तमिळनाडूत आडनावाची प्रथा पुष्कळांमध्ये नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर एका कागदावर आधी असते, दुसऱ्यावर ते पूर्ण नाव होऊन मागे जाते. विवाहित स्त्रीचे बँक-खाते माहेरच्या नावाने आणि पॅन सासरच्या नावाने असणे तर घरोघरचे. याखेरीज ‘दीक्षित’ हे एकच नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. अक्षर न् अक्षर जुळलेच पाहिजे असा हट्ट धरणारे सॉफ्टवेअर प्रामाणिक माणसांना मोठ्या संख्येने परतवील, तर फारच सैल नियम दुसऱ्याच्या नावावर पैसे उकळणाऱ्याला वाट करून देईल. शब्दांचा क्रम दुर्लक्षावा, आद्याक्षर पूर्ण नावाशी जुळू द्यावे आणि तरीही शंका राहिली तर अर्ज फेटाळण्याऐवजी माणसाच्या नजरेखाली घालावा, हा मध्यम मार्ग अधिक समंजस दिसतो. त्याला खर्च येतो हे खरे. परंतु तो वाचविण्यासाठी सारा भार त्या माहेरवाशिणीवर टाकणे न्यायाचे नव्हे.

सारी माहिती आरंभीच मागावी, की आधी विकू देऊन मग मागावी, याविषयी दोन मते आहेत. आधी मागितली तर लांबलचक अर्ज पाहून विक्रेता कंटाळून निघून जातो. मागाहून मागितली तर पहिली विक्री झाल्याचा आनंद ओसरण्याआधीच पैसे अडकल्याची वार्ता येते; माल तर गेलेला असतो. एकूण विचार करता, दुकान सजविण्याची व वस्तूंची यादी चढविण्याची मोकळीक प्रथमपासून द्यावी, परंतु पहिली मागणी स्वीकारण्यापूर्वी खाते मान्य झालेले असावे, हे धोरण छोट्या विक्रेत्याला कमी घातक ठरते. मोठ्या व्यापाऱ्याला आठवडाभर अडकलेली रक्कम सोसते. सूत उधारीवर आणणाऱ्याला ती सोसत नाही.

जीएसटी क्रमांकाचा रकाना याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. हा पंधरा चिन्हांचा क्रमांक असून पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढली दहा चिन्हे म्हणजे पॅनच होय. पूर्वी ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्याला, त्याची उलाढाल कितीही लहान असली तरी, ही नोंदणी करावीच लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालील विक्रेत्यांना नोंदणीवाचून विकता येऊ लागले. मात्र विक्री आपल्याच राज्यात करावी आणि जीएसटीच्या संकेतस्थळावरून पॅनच्या आधारे एक नाव-नोंद क्रमांक घ्यावा, अशी अट आहे. कायद्याने हे दार उघडले खरे, पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये जीएसटीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, तेथे ते बंदच राहते. रकाना ऐच्छिक करून मात्र भागत नाही. नाव-नोंद क्रमांकासाठी वेगळी जागा हवी, तो देणाऱ्याच्या वस्तू परराज्यातील गिऱ्हाइकाला विकल्या जाणार नाहीत अशी व्यवस्था हवी आणि उद्या त्याने रीतसर नोंदणी केली, तर जुने खाते मोडून नवे उघडावे न लागता त्याच खात्यात बदल करता आला पाहिजे.

खाते मान्य झाल्यावरही काम संपत नाही. विक्रेत्याचा परवलीचा शब्द चोरणारा भामटा दुकानातील मालाला हात लावीत नाही. तो फक्त बँक-खात्याचा क्रमांक बदलतो आणि पुढील रक्कम येण्याची वाट पाहतो. यास्तव खाते-क्रमांक बदलताच एक रुपयाची चाचणी व नावाची ताडणी पुन्हा केली जाते, बदलाची सूचना विक्रेत्याच्या जुन्या दूरध्वनी-क्रमांकावर धाडली जाते आणि शहानिशा होईपर्यंत नव्या खात्यात पैसे सोडले जात नाहीत.