रोजा आणि साखरेची वही

अम्मीला मधुमेह होऊन 11 वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी रमजानमध्ये, इफ्तारला दीड-दोन तास असताना, तिचे हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला. शेजारच्या काकू धावत आल्या. "भाभी, आधी तोंडात साखर घाला!" अम्मी मान हलवून नाहीच म्हणत होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला 58.

मागाहून कळलं, रोजे धरणार हे तिनं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. 'नको म्हणतील' ही भीती. नाश्त्याआधीची ग्लिमेपिराइडची गोळी ती आपल्याच मनानं सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, घेत होती. ही गोळी साखर खाली ओढते. दिवसभर पोट रिकामं असलं की नको तितकी खाली जाते.

खरं तर आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुराणातच, सूरह बकराहमध्ये आहे. रोजे नंतर भरून काढता येतात. तेही जमणार नसेल तर फिदया, म्हणजे गरिबाला जेवण. पण अम्मीची पिढी सवलत घ्यायला लाजते.

आपल्या मलकापुरात कृष्णा रुग्णालय आहे. पाटण-कडेगावची माणसं जाडजूड फायली घेऊन इथं येतात. आत काय लिहिलंय विचारलं, तर उत्तर ठरलेलं : "डॉक्टरांना माहीत." चोवीस तास पाण्याच्या योजनेनं या गावाला मीटर वाचायला शिकवलं, आपल्या साखरेचा आकडा मात्र आपण दुसऱ्यावर सोडून देतो.

पुढच्या वर्षी रमजानच्या दीड महिना आधी आम्ही साखरेची वही घेऊन गेलो. अम्मीनंच विचारलं, "रोजा धरू का? कुठली गोळी कधी?" डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वही पाहिली, एक गोळी कमी केली, एक इफ्तारला नेली. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा लगेच सोडायचा, हे लिहून दिलं. बोटातून थेंबभर रक्त काढल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. त्यामुळे दुपारची तपासणी चुकवायला निमित्त उरलं नाही.

हे ऐकून काकूंनी एकादशीच्या आधी आपल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीतून आणली. कुठली कशाची, त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून दवाखान्यात गेल्या.

यंदा अम्मीनं सात रोजे सोडलेत. वहीत तारखा लिहून ठेवल्यात, थंडीत भरून काढायला.