कृत्तिका ते पुष्य : तारकागुच्छांतील तरुण, अल्पवस्तुमानी ताऱ्यांच्या परिवलनाचे मापन

प्रस्तावना :
पंचांगातील कृत्तिका, रोहिणी व पुष्य ही नक्षत्रे मराठी समाजाला परिचित आहेत. खगोलशास्त्राच्या दृष्टीने कृत्तिका हा सुमारे १२.५ कोटी वर्षे वयाचा तारकागुच्छ होय. रोहिणी ताऱ्याच्या दिशेने, पण त्याच्या बराच पलीकडे असलेला हायडीज आणि पुष्यातील प्रिसेपी हे गुच्छ सुमारे ६५ ते ७० कोटी वर्षांचे आहेत. ताऱ्याच्या आयुष्यापुढे मानवी आयुष्य क्षणभंगुर आहे; परंतु गुच्छातील तारे जवळजवळ एकाच काळी जन्मलेले असल्याने, निरनिराळ्या वयांच्या गुच्छांची तुलना करून ताऱ्याचे परिवलन कसे बदलत जाते हे जाणता येते.

मापनाची पद्धत :
सूर्याप्रमाणे अन्य ताऱ्यांवरही काळे डाग असतात. तारा फिरतो तसे डाग समोर येतात व मागे जातात आणि त्याची प्रखरता किंचित कमीजास्त होते. या चढउताराचा आवर्तकाल म्हणजेच परिवलनकाल. केप्लर दुर्बिणीचे दिशा स्थिर राखणारे दुसरे चाक २०१३ मध्ये निकामी झाल्यावर तिला आयनिक वृत्तालगतच्या पट्ट्यातच निरीक्षणे करणे भाग पडले. चंद्रमार्गावरील नक्षत्रेही याच पट्ट्यात येतात. म्हणून वरील तिन्ही गुच्छ तिच्या टप्प्यात आले. २०१५ मध्ये सुमारे ७० दिवस, दर अर्ध्या तासाला घेतलेल्या नोंदींवरून कृत्तिकेतील ७५० हून अधिक ताऱ्यांचे परिवलनकाल निश्चित झाले.

वय आणि वेग :
बाल्यावस्थेत तारा आकुंचन पावतो, त्यामुळे त्याचा वेग वाढू पाहतो. मात्र सभोवतालची वायू-धूलीची चकती चुंबकीय क्षेत्राद्वारे त्याला रोखून धरते. चकती विरल्यावर वेग वाढतो. पुढे तारकीय वारा कोनीय संवेग वाहून नेतो आणि तारा मंदावतो. परिवलनकाल वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असा नियम स्कुमानिच यांनी १९७२ मध्ये मांडला. सूर्याचा परिवलनकाल विषुववृत्तावर सुमारे २५ दिवस व वय ४५७ कोटी वर्षे धरल्यास, कृत्तिकेच्या वयात तो सुमारे ४ दिवस आणि हायडीजच्या वयात सुमारे साडेनऊ दिवस असावा. सूर्यासारख्या ताऱ्यांची निरीक्षणे याच्याशी स्थूलमानाने जुळतात.

नियमाच्या मर्यादा :
अल्पवस्तुमानी ताऱ्यांना मात्र हा नियम सरसकट लागू पडत नाही. कृत्तिकेतील अनेक लाल बटूंना एका फेरीस एक दिवसही लागत नाही. सुमारे १०० कोटी वर्षांच्या एनजीसी ६८११ या गुच्छातील नारिंगी बटू प्रिसेपीतील तशाच ताऱ्यांहून फारसे मंदावलेले नाहीत, असे २०१९ मध्ये आढळले. गाभ्यातील संवेग बाह्य थरांकडे येत असल्याने मंदावणे काही काळ थांबते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

समारोप :
परिवलनावरून वय ठरविताना ही मर्यादा दुर्लक्षिल्यास ताऱ्याचे, पर्यायाने त्याच्या ग्रहांचे वय चुकते. शिवाय वेगाने फिरणारा तारा अधिक क्ष-किरण व अतिनील किरण उत्सर्जित करतो. त्यामुळे ग्रहावरील वातावरणाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. मीरा-भाईंदरच्या उजळलेल्या आकाशात फिकट तारे दिसत नाहीत. तथापि केप्लरच्या नोंदी सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन त्यांवरून परिवलनकाल काढण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांना दिल्यास, दुर्बिणीवाचूनही महाविद्यालयात संशोधनाची सवय रुजू शकेल.