पूर ओसरला, आता तापावर नजर ठेवा



आपल्यापैकी कित्येकांची मुले अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर भागात नोकरीला आहेत. २६ जुलै २००५ चा पूर त्यांच्याकडून आपण ऐकला असेल. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. उल्हास नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. पुढे पाणी ओसरले, पण ऑगस्टमध्ये मुंबईची इस्पितळे तापाच्या रोग्यांनी भरली. त्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रोगी पुष्कळ निघाले, काही दगावलेही. हा ताप पाण्याबरोबर येत नाही, मागून येतो. पाण्यात उतरल्यापासून बहुधा एक-दोन आठवड्यांनी, क्वचित महिन्यानेही.

या रोगाचे जंतू उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात व चिखलात मिसळतात आणि हातापायांच्या जखमांतून अंगात शिरतात. गुरे, डुकरे व कुत्री यांच्या मुतातूनही ते पसरतात. उसाच्या पात्याने चिरलेले हात, अनवाणी पाय आणि सरीतले पाणी, म्हणजे जंतूंना दार उघडेच! ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १९३४-३५ साली ऊसतोड मजुरांनी याच रोगापायी संप केला होता. उंदरांचा उपद्रव जावा म्हणून ऊस आधी जाळा, मग तोडू, ही त्यांची मागणी होती.

ओळखावे कसे? एकाएकी थंडी वाजून ताप, डोकेदुखी, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. पुढे डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, धाप लागते. इथेच घात होतो. कावीळ म्हणून माणसे झाडपाला व उतारा यांत चार दिवस घालवतात. तसे करू नका. ताप अंगावर न काढता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि "मी पाण्या-चिखलात काम केले" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पहिल्या आठवड्यात रक्ताच्या तपासणीत रोग न दिसणेही शक्य असते, म्हणून डॉक्टर पुष्कळदा अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन ही औषधे वेळेवर मिळाल्यास रोगी बरा होतो. मात्र दुकानातून आणून परस्पर घेऊ नयेत.

एकाच टोळीत किंवा वस्तीवर दोघा-तिघांना असा ताप आला, तर ती साथीची सूचना समजावी. आशा ताईंना व आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

आडसाली लागणीच्या वेळी मजुरांना गमबूट द्यावेत. जखम झाकूनच चिखलात उतरावे, घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. बांध स्वच्छ ठेवावेत. उंदीर मारण्याची मोहीम शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी घ्यावी; एकट्याने केल्यास उंदीर पलीकडच्या फडातून परत येतात. मेलेले उंदीर हाताने न उचलता खोल पुरावेत.

उसाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघेल, माणसाचे नाही.

— ऊस विकास अधिकारी