कूलंट जातं कुठं?

पेट्रोल जळतं, ऑइलही थोडंफार जळतं. कूलंट मात्र इंजिन, होज, रेडिएटर आणि परत इंजिन असं बंद चक्रात फिरत राहतं. कूलंटच्या बाटलीतली पातळी सारखी खाली जात असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, हे नक्की. वरून ओतत राहणं हा त्यावरचा इलाज नव्हे. गळती शोधा, शोधण्याच्या युक्त्याही मोठ्या मजेदार आहेत!

गाडीखाली ओलं दिसलं? घाबरू नका, एसीचं पाणीही तिथंच ठिबकतं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं. कूलंटचा डाग हिरवा, गुलाबी, केशरी किंवा निळा पडतो आणि त्याला गोडसर वास येतो. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीलाही गोड, पण जालीम विष. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन दगावतात. म्हणून काही कूलंटमध्ये डेनाटोनियम हे महाकडू रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणून सांडलेलं कूलंट सगळ्यात आधी पुसा.

पुठ्ठा कोरडाच? तरी निश्चिंत होऊ नका. तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब वाफ होऊन उडून जातो आणि मागे रंगीत किंवा पांढरट खरपुडी उरते. होजच्या क्लिपांपाशी ती शोधा. वॉटर पंपाला तर कारखान्यातच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न घुसता तिथून बाहेर येतं आणि पंपाची खबर देतं.

पुढची जागा रेडिएटर. अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली घडवलेल्या मर्सिडीजच्या रेडिएटरमध्ये डाख देऊन जोडलेल्या ८,०७० बारीक नळ्या होत्या, म्हणजे गळू शकतील असे हजारो सांधे. आजच्या रेडिएटरमध्ये आधी बघावा तो ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी यांच्यामधला सांधा.

काही गळत्या दाब आल्यावरच तोंड उघडतात. रेडिएटरचं झाकण कुकरसारखं साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे निम्मं पाणी-निम्मं कूलंट हे मिश्रण १२५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. इंजिन गरम असताना हे झाकण उघडलं की दाब सुटतो, कूलंट क्षणात उकळून उसळतं आणि हात-तोंड भाजतं. मेकॅनिक म्हणूनच इंजिन थंड असताना हातपंपानं रेडिएटरमध्ये दाब भरतो. पंपावरचा दाबाचा काटा हळूहळू उतरला की समजायचं, गळती आहे. तरीही जागा सापडली नाही तर कूलंटमध्ये खास रंग घालून गाडी फिरवतात आणि अतिनील टॉर्च मारतात. गळकी जागा पोपटी चमकते!

समोरच्या काचेवर चिकट धुकं आणि पायाखालचं मॅटिंग ओलं? कूलंट जिच्यातूनही फिरतं ती हीटर कॉइल फुटलीय.

सगळ्यात खर्चिक गळती बाहेर दिसतच नाही. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेडखालचं पॅकिंग, गेलं की कूलंट थेट सिलिंडरमध्ये शिरतं आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. याची परीक्षा सुरेख आहे: रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात. त्या हवेत इंजिनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं पिवळं होतं.

आणि घाटात टेम्परेचरचा चढलेला काटा एकाएकी खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट इतकं संपलेलं असू शकतं की सेन्सर कोरडा पडलाय. तिथंच गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.